उजव्या बाजूचा आरसा

ज्या वर्षी रोंडाच्या थोरल्या मुलीचं, ट्रिनाचं, लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर इंडियानाला राहायला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे शहाण्णव सालची. रोंडा माझ्या नवऱ्याची मुलगी, त्याच्या पहिल्या बायकोपासूनची. लग्नाच्या फोटोत मी आहे, पण अगदी कडेला. चौकटीत बसवताना कुणीतरी कड कातरली, त्यामुळे माझा एक हात, पर्स आणि अर्धी टोपी एवढंच उरलं. मला त्याचं काही वाटलं नाही. निदान मी तसं म्हणत होते. धक्का बसला तो नंतर, आणि तोही किराणा दुकानाबाहेर, भर दुपारी. सागिनॉतल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून मी सामानाची ढकलगाडी घेऊन बाहेर आले. डेल पिकअपमध्ये बसून रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होता. मी त्याच्या उजव्या बाजूनं येत होते, हात हलवत होते. त्यानं गाडी सुरू केली आणि सरळ मागे घेतली. पिकअपचा बंपर ढकलगाडीवर आदळला आणि ढकलगाडीची दांडी माझ्या बरगडीत बसली. फार जोरात नाही. अंडी खाली पडली. डेल उतरला, त्यानं आधी बंपर पाहिला, मग मला. "अगं, त्या बाजूनं कशाला आलीस?" तो म्हणाला. मी म्हटलं, "दुकानाचं दार त्या बाजूला आहे, डेल." त्यावर तो वाकून फुटलेली अंडी पायानं बाजूला सारत म्हणाला, "नॅडीन नेहमी डावीकडून यायची." टोमणा नव्हता तो. उद्या ऊन पडेल म्हणावं, तसा म्हणाला. डांबरावरून पिवळा बलक हळूहळू उताराकडे निघाला होता, आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. कारण त्या क्षणी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती ध्यानात आल्यावर मान वर करून डेलच्या तोंडाकडे बघायची माझी इच्छा होईना.

लग्न झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी ह्या माणसाच्या उजवीकडे होते. गाडीत उजवीकडे, पलंगावर उजवीकडे, जेवायच्या टेबलाशी उजवीकडे, चर्चच्या बाकावर उजवीकडे. आणि उजवीकडे डेल कधी बघतच नव्हता. त्याच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. उजवा कान तो कामाला होता त्या ओतशाळेतल्या घणांनी निकामी केला होता, ते खरं, पण डोळे शाबूत होते. डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला नुकतंच शाबासकी देऊन घरी पाठवलं होतं. त्याला फक्त सवय नव्हती. आयुष्यभर त्याला जे लागलं ते डावीकडून येत गेलं, आणि डाव्या बाजूला एक बाई होती, जी मी लग्न करून त्या घरात येण्याआधीच दोन वर्षं जमिनीखाली गेली होती. घरी येईपर्यंत मी बरगडीवर हात धरून बसले. तो विचारत होता, "दुखतंय का गं?" मी म्हणत होते, "नाही." तो समोर रस्त्याकडे बघून विचारत होता.

जुलै जवळ येत होता. जुलैत आम्ही सगळे उत्तरेला, तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर जायचो. डेल, मी, रोंडा, तिचा नवरा आणि मुलं. रोंडा रांगत होती तेव्हापासून डेल त्याच कॅम्पवर, त्याच जागेवर ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, लावत आला होता. देवदारांच्या मधे एक अरुंद पट्टी, मागे तळं, एका कोपऱ्यावर जाड बुंध्याचा ओक. ज्यांना ट्रेलर माहीत आहे त्यांना सांगायला नको, की ओढून नेणं हे काही काम नव्हे. रस्ता तुम्हाला नेतोच. काम असतं ते शेवटचं. एवढं लांब घर पिकअपच्या शेपटीला बांधलेलं, ते उलटं ढकलत झाडांमधून आपल्या जागेत बसवायचं. चाक डावीकडे फिरवलं की घर उजवीकडे जातं, उजवीकडे फिरवलं की डावीकडे. पुरुष चाकाशी बसतो, बाई मागे उभी राहून हातांनी सांगते, आणि सगळा कॅम्प घडीच्या खुर्च्या रस्त्याच्या दिशेला फिरवून, हातात कॉफीचे पेले घेऊन, आपण बघतच नाही असं दाखवत बघतो. नवरा-बायकोचं कसं चाललंय हे चर्चमध्ये कळत नाही, इथं कळतं. दरवर्षी एक तरी जोडपं चारचौघांत एकमेकांची आई-बहीण काढतं, एक तरी बाई फुरंगटून तळ्याकडे चालू लागते, आणि मग दोन दिवस लोकांना बोलायला विषय मिळतो.

डेल आणि नॅडीनचा मात्र तिथं दबदबा होता म्हणे. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये डेलनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी दिली. लोण्याची बशी म्हणजे ट्रेलर, त्याच्यापुढे मिठाची कुपी म्हणजे पिकअप, आणि मिरपुडीची कुपी म्हणजे मी. "दोन्ही तळवे स्वतःकडे ओढलेस की मी येत राहणार. एक हात बाजूला ताणलास की शेपूट त्या बाजूला. आणि मनगटं डोक्यावर नेऊन अशी फुली केलीस की जागच्या जागी थांबणार. आरशात माणूस दिसेनासं झालं तरी थांबणार." मी म्हटलं, "आणि ओरडायचं कधी?" त्यानं लोण्याची बशी खाली ठेवली. "ओरडायचं नाही, अर्डिथ. ओरडणारी बाई मला चालणार नाही. काचा वर असतात, मला तसंही ऐकू येत नाही, आणि लोक बघत असतात. नॅडीननं एवढ्या वर्षांत तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. नुसते हात. लोक म्हणायचे, ही दोघं नाच करतात." हे सांगताना त्याचे डोळे असे झाले, की मला स्वतःच्याच घरात परक्याच्या खिडकीतून डोकावल्यासारखं वाटलं. पण मी शिकले. आम्ही बीटाच्या शेतांवर वाढलेली पोरं, शाळा आम्हाला फक्त बर्फ पडल्यावर. अक्षरं मला अंगानं मोठी झाल्यावर आली. हातांनी सांगितलेलं मात्र मला लहानपणापासून कळायचं. शेतात बाप लांबून हातवारे करायचा, आणि त्यातलं एकही चुकलं की संध्याकाळी पट्टा निघायचा. डेलचे हातवारे मी एका जेवणाआधी पाठ केले. तो खूश झाला. म्हणाला, "तू नॅडीनपेक्षा लवकर शिकलीस." एवढं एकच वाक्य आहे, ज्यात तिच्या पुढे माझं नाव आलं, आणि ते मी कितीतरी दिवस तोंडात लिमलेटच्या गोळीसारखं घोळवत होते.

पण कॅम्पवर पोहोचलो तर डाव्या बाजूला रोंडा उभी. आई गेल्यापासून ती तिथं उभी राहत होती, आणि बापानं दुसरं लग्न केलं म्हणून तिनं जागा का सोडावी? ती तेव्हा तीस वर्षांची, दोन मुलांची आई, कमरेवर हात ठेवून डाव्या देवदाराला टेकून उभी होती. डेल खिडकीतून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग रोंडाच म्हणाली, "तुम्ही उजवीकडे उभ्या राहा ना. तिकडेही कुणीतरी हवंच." ती मला कायम तुम्ही म्हणायची, शेवटपर्यंत म्हणाली. मी उजवीकडे गेले. त्या जागेचं असं होतं, की ती रस्त्याच्या डाव्या हाताला होती. डेल खांद्यावरून मान वळवून डावीकडे बघत ट्रेलर आत घालायचा, त्याला सगळं तिकडूनच दिसायचं. उजवीकडे कुणी उभं राहिलं काय, न राहिलं काय. मी वर्षानुवर्षं तिथं उभी राहून तळवे ओढत होते, हात ताणत होते, आणि ट्रेलर आत जाऊन बसला की डेल उतरून म्हणायचा, "छान. तुम्ही दोघींनी छान केलंत." आणि मी मानही डोलवायचे. माणूस कशालाही मान डोलवतो. ऑगस्टमध्ये मधमाश्या गोड पाण्याच्या डब्यात बुडतात तेव्हा त्याही शेवटपर्यंत पाय हलवत असतात.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली होती. हिवाळ्यात माझ्या आईचं घर मी विकलं. लग्नाआधी मी आईबरोबर त्या घरात राहत होते; ती गेल्यावर एकटी. लग्नानंतर भाड्यानं दिलं होतं. लहान लाकडी घर, पुढं लायलॅकचं झुडूप, मागं कोबीचे दोन वाफे. डेलला जुना ट्रेलर पुरेना झाला होता. गुडघे दुखतात, आत वाकावं लागतं, नातवंडं मोठी झाली. तो नुसता सुस्कारे टाकायचा, मागत काही नव्हता. मीच म्हटलं, घर विकून नवा घेऊ. नवा ट्रेलर बघायला गेलो तेव्हा सेल्समन डेलशी चाकांबद्दल बोलत राहिला, आणि मी आत शिरून मागच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तिथं स्वयंपाकाचा ओटा होता, आणि भांडी घासायच्या कुंडीवर एक चौकोनी खिडकी, आईच्या खिडकीएवढीच. मी तिथं उभी राहिले आणि मनात म्हटलं, इथून तळं दिसेल. एवढ्यासाठी घर गेलं. मला वाटलं, आता तरी त्या कॅम्पवर माझं काहीतरी असेल. दुसऱ्याच्या संसारात मी पाहुणी म्हणून येणार नाही, ते माझ्या घरात येतील. आईचे पडदे मी कापून त्या खिडकीला शिवले. निळ्या चौकटीचे.

दुकानाबाहेर ते अंड्यांचं झालं, त्यानंतर मी एक खूळ डोक्यात घेतलं. वयानं साठीला आलेली बाई, पण खूळच ते. मी ठरवलं, की यंदा डेल माझ्याकडे एकदा बघेल. जुलैत, कॅम्पवर, त्या मोठ्या आरशात. एकदा बघितलं की झालं. मग मी त्या पार्किंगमधलं विसरेन, फोटोची कड विसरेन, सगळं विसरेन. न बघितलं तर काय, ह्याचा मी विचार केला नव्हता. मी त्याला सांगून बघायला लावू शकले असते. पण सांगून बघितलेलं मला नको होतं.

आणि नशीब बघा. कॅम्पच्या फाटकाशी हिरव्या गणवेशातली पोरगी म्हणाली, "काका, यंदा रस्ता उलटा केलाय बरं का. तळ्याच्या बाजूनं आत शिरायचं आणि दुकानाजवळून बाहेर." डेल म्हणाला, "का बुवा?" ती म्हणाली, "मला काय विचारता, वरून आलंय." डेल पुटपुटत गाडी पुढं नेत होता, आणि मी मनात हिशेब मांडत होते. रस्ता उलटा, म्हणजे आमची जागा आता उजव्या हाताला आली. ट्रेलर उजवीकडे वळवत आत घालायचा. डाव्या आरशात त्याला मोकळा रस्ता आणि देवदार दिसणार, घर दिसणार नाही. ओकचं झाड, अरुंद कोपरा, माझी खिडकी, सगळं उजव्या आरशात. ह्या खेपेला उजवी बाजूच खरी होती. मी म्हटलं, "डेल, ह्या वेळी माझ्या बाजूनं बघावं लागेल." तो म्हणाला, "हं." मी पुन्हा म्हटलं नाही. लहान मुलीसारखा आनंद झाला होता मला, आणि त्याची लाजही वाटत होती.

आमच्या समोरच्या जागेवर विल्बर आणि मेव्हिस हे म्हातारं जोडपं असायचं. डेलचे जुने दोस्त. विल्बर मक्याचं कणीस खात, खुर्ची फिरवून बसलाच होता. "अरे वा, डेल! यंदा काय राजवाडाच उचलून आणलास की!" तो ओरडला. "आत जाणार आहे का हा, का तळ्यात ठेवतोस?" डेलनं काच खाली करून म्हटलं, "तू तुझी दाढ सांभाळ, मका अडकेल." मेव्हिस हसली. डेलनं काच परत वर केली, आजूबाजूच्या पाच-सहा खुर्च्या फिरल्या. मी उतरले, मागं गेले, ओकच्या अलीकडे उजव्या कडेला उभी राहिले. रोंडा आपल्या तंबूकडून हात पुसत आली आणि सवयीनं डाव्या देवदाराशी जाऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, "रोंडा, रस्ता उलटलाय. तिकडून काही दिसायचं नाही." ती म्हणाली, "डॅडला मी इथं लागते." आणि हसून, "तुम्ही काळजी करू नका हो." विल्बरच्या बाजूच्या खुर्चीतून एक कुणी तरुण म्हणाला, "मागं एकानंच हात करायचे असतात, दोघं असली की ड्रायव्हर वेडा होतो." कुणी लक्ष दिलं नाही.

पिकअप जागेच्या पुढं गेली, थांबली, आणि मागचे लाल दिवे पांढरे झाले. मी उजव्या आरशाकडे बघितलं. ट्रेलर ओढण्यासाठी खास लावलेला, बाहेर काढलेल्या कानासारखा मोठा आरसा. आरशात तुम्हाला माणूस दिसला तर तुम्ही त्याला दिसता, एवढा साधा हिशेब. मला त्यात डेलचा गाल दिसत होता. गाल, कान, कानावरचे पांढरे केस, टोपीची कड. डोळे नव्हते. मी तळवे स्वतःकडे ओढले. ट्रेलर येऊ लागला, हळू, खडी चुरचुरत, आणि गाल तसाच. मी एक हात ताणला, शेपूट जरा तिकडे, ओकपासून दूर. शेपूट ओककडेच वळली. पलीकडे रोंडा तळवे ओढत होती, ये, ये, ये. तिच्या बाजूला तर आख्खा रस्ता मोकळा होता, ती का थांबवेल? मला आठवतं, त्या वेळी उन्हाचा एक तुकडा त्या कानावर पडला होता आणि कान आतून लाल दिसत होता. मी मनात म्हटलं, वळ. नुसती मान वळव. मला तिथं उभं राहून असं वाटायला लागलं, की मी ह्या कॅम्पवर नाही, मी त्या ढकलगाडीमागे आहे, आणि त्याआधी चर्चच्या बाकावर, आणि त्याआधी त्या पलंगावर, जिथं तो झोपताना डाव्या कुशीवर वळायचा आणि मी त्याच्या पाठीशी बोलायचे. आणि अजून मागे, बीटाच्या शेतात, बाप लांब उभा आहे आणि मी हात हलवतेय, पाणी संपलं, पाणी संपलं, आणि तो दुसरीकडे बघतोय. निळ्या चौकटीचा पडदा ओकच्या सालीपासून हातभर राहिला. मी मनगटं डोक्यावर नेली आणि फुली केली. पूर्ण, सरळ, शिकवली तशी. सगळ्या खुर्च्यांना दिसली असेल. आरशात गाल. वीतभर राहिलं. घशात आवाज आला होता, खरंच आला होता. मी तो दातांमागे धरला. ओरडायचं नाही. ओरडणारी बाई मला चालणार नाही. हा नियम माझा नव्हता, पण ह्या घरात माझ्या वाट्याला तेवढाच आला होता आणि मी तो एकदाही मोडला नव्हता.

आधी काच गेली. मग पत्रा चुरगळण्याचा आवाज, डबा पायाखाली येतो तसा, पण लांबलेला. डेल थांबला तो रोंडा ओरडली म्हणून. "डॅड! थांब! डॅड!" काच वर होती, कान निकामी होता, तरी त्याला ते ऐकू आलं.

तो उतरून मागं आला. ओकची साल माझ्या खिडकीत शिरली होती, आणि पडदा चौकटीत अडकून बाहेर लोंबत होता. डेलनं पत्र्यावर हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मग माझ्याकडे वळला. आता वळला. "तू इथं उभी होतीस ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, "होते." माझी मनगटं अजून वर होती, मला ती खाली घ्यायचं भान नव्हतं. "मग तोंड नव्हतं का तुला? ओरडायचं तरी!" रोंडा धावत आली. "अहो, ओरडायचं नाही का? डॅड बिचारा पुढं बसलेला, त्याला काय दिसणार? एक हाक मारली असती तरी..." मी म्हटलं, "मी फुली केली होती." डेल म्हणाला, "फुली काय चाटायची आहे?" मी म्हटलं, "डेल, तूच सांगितलं होतंस. ओरडायचं नाही. नॅडीन कधी ओरडली नाही."

आणि तेव्हा समोरून मेव्हिस हसली. वाईट मनाची बाई नव्हती ती. आधीच्या उन्हाळ्यांत त्या कॅम्पवर कुणी माझ्यासमोर नॅडीनचं नाव काढलं नव्हतं. मी येताच बोलणं बदलायचे, आणि तो त्यांचा चांगुलपणाच होता. पण ते नाव आता मीच काढलं होतं, म्हणजे वाट मोकळी झाली. "नॅडीन ओरडली नाही?" मेव्हिस खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत म्हणाली. "अगं बाई! तळ्याच्या पलीकडची बदकं उडायची गं तिच्या आवाजानं!" विल्बर म्हणाला, "मेव्हिस." ती थांबेना. "‘डेल्बर्ट, मुडद्या, झाड दिसतंय का तुला!’ असं ओरडायची. एकदा तर चप्पल फेकून मारली होती आरशावर. आठवतं ना रे, डेल? आम्ही त्यासाठीच तर खुर्च्या काढायचो!" दोन-तीन जुनी माणसं हसली, आठवणीचं हसू, प्रेमाचं. विल्बर म्हणाला, "फार छान बाई होती. पण आवाज होता खरा." मी रोंडाकडे बघितलं. ती खडीकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. ती आईच्या त्याच आवाजात वाढली होती, आणि मला इतकी वर्षं मुकी उभी राहताना बघत होती. मग मी डेलकडे बघितलं. मला वाटलं, तो चपापेल, निदान हसेल. तो म्हणाला, "ते तेव्हा वेगळं होतं." आणि खरोखर आठवत असल्यासारखा म्हणाला, "मला तसं आठवतच नाही."

मला वाटतं, तो खरं बोलत होता. हेच फार कडू आहे. त्यानं मला फसवलं असतं तर मला निदान काहीतरी धरता आलं असतं. पण बाई मेल्यावर त्यानं तिचा आवाज काढून टाकला, राहिले ते हात, आणि त्या हातांच्या मापाची एक बाई त्यानं शोधली. खऱ्या नॅडीननं त्याला शिव्या दिल्या, चपला फेकल्या, मुडद्या म्हटलं, आणि त्यानं तिच्याकडे मान वळवून बघितलं, कारण बघावंच लागत होतं. आणि मी, जिनं त्याचं सगळं ऐकलं, त्या कधीच नसलेल्या बाईच्या जागेवर उभी राहिले होते. तिचा हेवा करत. ओरडणाऱ्या बाईचा मला कधी हेवा वाटला नसता. मी तिच्याशी भांडले असते, कदाचित आमचं जमलंही असतं.

"चला," डेल टाळी वाजवून म्हणाला. लोक बघत होते, आणि त्याला हे लवकर उरकायचं होतं. "पुढं घेतो, परत लावतो. अर्डिथ, तू तिथंच उभी राहा. ह्या वेळी तोंड उघड." मी मनगटं खाली घेतली. चालत रस्ता ओलांडला. विल्बरच्या शेजारी एक रिकामी खुर्ची घडी करून टेकवलेली होती. ती मी उघडली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले. डेलला कळेना. "अर्डिथ?" मेव्हिस हळूच म्हणाली, "अगं, मी गमतीनं म्हटलं गं." मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. कॉफी आहे का?" तिनं पेला भरून दिला. डेल तिथंच उभा, हात लोंबत. पुन्हा एकदा म्हणाला, "अर्डिथ, अगं लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. मीही बघते." त्याच्या तोंडावर तेव्हा जे आलं, ते मी आयुष्यात पहिल्यांदाच समोरून बघत होते. त्याला माझी गरज पडली होती, असं मला वाटलं. मी कॉफीचा घोट घेतला आणि वाट बघितली. आता तो येईल, म्हणेल, चल, उठ. म्हणेल, तुझ्याशिवाय कसं लावू? तेवढं म्हणाला असता तर मी उठले असते. अजून सांगते, मी उठले असते.

तो रोंडाकडे वळला. "तू उजवीकडे ये," म्हणाला. रोंडा आली, मी उभी होते तिथं, ओकच्या अलीकडे. पिकअप पुढं गेली, पत्र्याचा एक तुकडा खाली पडला, पांढरे दिवे लागले. रोंडा तळवे ओढत मोठ्यानं ओरडू लागली, "ये डॅड, ये, ये, शेपूट तिकडे, अजून, अजून, थांब! हां, ये." तिचा आवाज जाड आणि घोगरा होता, आणि तो ऐकून जुन्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. आणि आरशात, मी बसले होते तिथूनसुद्धा मला दिसलं, डेलचे डोळे होते. दोन्ही. उजव्या आरशात, सरळ तिच्यावर. ट्रेलर ओकला न शिवता आत गेला आणि आपल्या जागेत बसला. पुन्हा पुढं घ्यावा लागला नाही, काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विल्बर म्हणाला, "सरळ रेघेत!" मीही टाळ्या वाजवल्या, पेला गुडघ्यात धरून.

त्या दुपारी रोंडाच्या नवऱ्यानं खिडकीच्या भोकावर प्लायवुडचा तुकडा ठोकला आणि चारी बाजूंनी चंदेरी पट्टी चिकटवली. मी आत गेले आणि बटाटे सोलायला घेतले. संध्याकाळी सगळे येणार होते, कोशिंबीर करायची होती. कुंडीपुढं उभी राहिले तर समोर प्लायवुड. त्यावर कसला तरी निळा शिक्का होता आणि एक गाठ, डोळ्यासारखी. डेल दारात आला. म्हणाला, "होईल दुरुस्त. सागिनॉला गेलो की बसवून घेऊ." मी म्हटलं, "हो." मग म्हणाला, "मोहरी जास्त घाल, रोंडाला आवडते." मी मोहरी जास्त घातली. बाहेर मुलं पाण्यात उड्या मारत होती, आणि मला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती.

खिडकी त्यानं बसवली नाही. पुढच्या उन्हाळ्यालाही तोच प्लायवुड होता, पाण्यानं फुगलेला. पुढच्या उन्हाळ्याला मी गाडीतून उतरले, रस्ता ओलांडला आणि मेव्हिसजवळ जाऊन बसले, आणि मला कुणी काही म्हटलं नाही. रोंडा उजवीकडे उभी राहिली. ती खरंच चांगली उभी राहते. सगळा उन्हाळा डेल माझ्याशी नीट वागला. दुसऱ्या कुणाच्या तरी आजारी बायकोशी वागावं तसा. मी बोलले की आता तो मान वळवायचा, ऐकू येत नाही म्हणून नव्हे, काळजीनं. आणि त्या नजरेत मी कोण होते ते मला कळायचं, म्हणून मी कमी बोलू लागले.

डेल्बर्ट अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत सागिनॉच्या इस्पितळात न्यूमोनियानं वारला. त्याला नॅडीनच्या शेजारी पुरलं. नॅडीन त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात वारली होती.